वासूचं गाऱ्हाणं

वासू गेल्याचा फोन सुषमावहिनींनीच केला. मी डिचोलीच्या घरी पेटी उघडून तिच्यातली धूळ काढत बसलो होतो. "भावजी, हे गेले. सकाळी, निजेतच," त्या म्हणाल्या. मग त्याच पुढे म्हणाल्या, "तुमी सावकाश येवा, स्कूटर पळवू नका. आणि येताना तुमच्याकडली मोठी किटली हाडा, सगळी येतली." नवरा गेल्याचं सांगताना ज्या बाईला आलेल्यांच्या चहाची काळजी असते, तिच्यासमोर आपण काय रडायचं... मी किटली स्कूटरवर पायाशी ठेवली आणि वासूच्या गावी, पार्सेला निघालो. वाटेत डोळे पुसायला म्हणून थांबलो, तेव्हा किटली कलंडली आणि झाकण घरंगळत गटारात गेलं. वासू असता तर त्यानं या झाकणावर तिथल्या तिथं चार ओळी रचून मला वर्षभर छळलं असतं.

त्यानंतर काही आठवडे गेले. या काळात त्याच्याविषयी बरंच छापून आलं. गोव्यातल्या हिप हॉपचा जनक, पर्यायी प्रवाहाचा प्रवर्तक, असं काहीबाही. वाचून मला हसू आलं. वासू स्वतःला तुयेच्या औद्योगिक वसाहतीत खोकी बनवणाऱ्या कारखान्यातला सुपरवायझर म्हणवून घ्यायचा, आणि संध्याकाळी काय करतोस म्हणून विचारलं तर "बडबडतंय" म्हणायचा. मला हा शब्द मान्य होता. मी भजनी माणूस. षड्ज नीट लागल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही. रॅप म्हणजे गाणं येत नसलेल्या माणसाची बडबड, असं माझं मत होतं आणि निम्मंअधिक अजूनही आहे. तरी जन्मभर मी त्याच्या मागे बसून पेटी वाजवली. लोक विचारतात, का? आता लिहितोच आहे तर सांगतो.

आम्ही पेडण्याला एकाच वर्गात होतो. माझे वडील तेव्हा तिथं नोकरीला होते. शाळेच्या त्या वर्षांत गोव्यात भाषेवरून घराघरांत भांडणं चालली होती. एकाच ओसरीवर थोरला भाऊ मराठीचा आणि धाकटा कोंकणीचा, आणि आई दोघांना एकाच भाषेत जेवायला हाक मारणार. मग गोव्याचं वेगळं राज्य झालं, मिठाई वाटली गेली, आणि आम्ही दोघं दहावीला बसलो. पुढे मी डिचोलीला परतलो. वासूनं आयटीआय केलं आणि कारखान्यात लागेपर्यंत हरमलच्या किनाऱ्यावर एका गेस्ट हाउसमध्ये हंगामी काम धरलं. तिथं एका पाहुण्यानं जाताना त्याला वॉकमन आणि पिशवीभर कॅसेट दिल्या. त्या कॅसेटींनी त्याचं डोकं फिरवलं.

त्यातल्या निम्म्या कॅसेटींवर नुसती फुशारकी होती. मी मोठा, माझी गाडी मोठी, माझ्या गळ्यातली साखळी त्याहून मोठी. इंग्रजी वासूला फारसं कळत नव्हतं, पण फुशारकी कळायला भाषा लागत नाही. त्यानं ती जशीच्या तशी उचलली. गणेशचवथीला वाड्यावरच्या मंडळाच्या मंचावर हा टोपी उलटी घालून, बहिणीची बेंटेक्सची साखळी गळ्यात अडकवून उभा राहिला आणि मराठीत स्वतःची थोरवी सांगू लागला. पार्सेचा वासू असा, पार्सेचा वासू तसा. दोन कडवी लोकांनी ऐकून घेतली. मग मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "वासू, सायकलीची चेन आदी घाल मरे, मगे गळ्यातली." सगळा मांडव हसला. वासूही हसला, आणि साखळी काढून त्यानं खिशात घातली.

उरलेल्या निम्म्या कॅसेटी मात्र वेगळ्या होत्या. त्यांत जुन्या ट्रम्पेटचे, पियानोचे तुकडे घेऊन त्यावर माणसं निवांत बोलत होती. आरडाओरडा नाही, साखळी नाही. आपला मोहल्ला, आपली आजी, कामावरून परत येतानाचा रस्ता, असं काहीतरी. याला पर्यायी हिप हॉप म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. वासूनं तेव्हा त्याची स्वतःची व्याख्या केली होती. एक इअरफोन माझ्या कानात कोंबून तो म्हणाला, "मास्तर, पयलो म्हणता माका बघ. हो दुसरो म्हणता आमचो वाडो बघ." पेटी वाजवतो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा, शिकवलं मी कधी कुणाला नाही. मी ऐकलं. सूर कुठेच लागत नव्हता, पण माणूस खोटं बोलत नाही हे जाणवलं, तेवढं मी कबूल केलं.

पण त्या लोकांकडे त्यांच्या बापाच्या काळातल्या तबकड्या होत्या, त्यांतून ते तुकडे घेत. आपल्या बापाकडे काय आहे, हा प्रश्न वासूच्या मनात घोळत राहिला. आणि गंमत अशी की उत्तर त्याच्याच घरात, रोज सकाळी आंघोळ करून देवळात जात होतं. वासूचे वडील आबा. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कुणाची काही अडचण असली, मागणं असलं, की तो देवळात येतो. मानकरी देवापुढे उभा राहून त्याच्या वतीनं देवाशी खड्या आवाजात बोलतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले लोक एका सुरात म्हणतात, होय म्हाराजा. ते गाणं नसतं आणि साधं बोलणंही नसतं. आबा बोलायला लागले की शब्द एकामागून एक ठेक्यात पडत, वाक्य लांबत लांबत जाई, आणि श्वास आता तुटणार असं वाटतं न वाटतं तोच लोकांचा 'होय' येई. वासूनं ते जन्मापासून ऐकलेलं. एके दिवशी कारखान्यात खोकी दाबणाऱ्या यंत्राशेजारी उभा असताना त्याला वाटलं, या ठेक्यावर आबा चपखल बसतील. संध्याकाळी तो कामाचे कपडे न बदलता डिचोलीला माझ्या घरी आला. "मास्तर, पेटयेर नुसतो एक सूर धरून रव," म्हणाला आणि सुरू झाला. मी सूर धरला. थोड्या वेळानं पाहतो तर स्वयंपाकघरातून माझी आई पदर सावरत येऊन हात जोडून उभी.

आमचा पहिला जाहीर कार्यक्रम डिचोलीतच, एका सभागृहात झाला. त्या दिवशी जे घडलं ते जगात दुसरीकडे कुठल्याही हिप हॉपच्या कार्यक्रमात घडलं नसावं. वासूच्या कौतुकानं पेडण्याहून टेम्पो भरून माणसं आली होती, ती पुढच्या रांगांत बसली होती. मागे म्हापसा, पणजीकडची कॉलेजची पोरं. ड्रमचा ठेका सुरू झाला, वासूनं माइक घेतला आणि "बा देवा म्हाराजा..." म्हणून आवाज टाकला. त्यासरशी पुढच्या चारही रांगा उभ्या राहिल्या. सवयीनं सगळ्यांनी चपला काढल्या, पायानं बाजूला सारल्या, हात जोडले आणि दणकून म्हणाले, होय म्हाराजा. वासू क्षणभर चरकला. मागच्या पोरांना वाटलं, इथं असाच नियम असेल. तीही उभी राहिली, बूट काढायला लागली. लेस सोडता सोडता काहींचा तोल गेला. पाऊण तास ते सगळं सभागृह अनवाणी उभं राहून डोलत होतं, आणि वासूला गाऱ्हाणं थांबवता येईना, कारण थांबला तर लोक बसणार कसे? कार्यक्रम संपल्यावर पायताणांचा जो गोंधळ झाला तो काय वर्णावा. मी कुणाच्या तरी दोन भिन्न चपला घालून घरी गेलो. पण इतकी हसरी माणसं मी त्या सभागृहातून बाहेर पडताना त्याआधी पाहिली नव्हती.

सकाळपर्यंत बातमी आबांच्या कानी गेली. मीही पहाटेच पार्सेला पोचलो होतो, उंडे पाव आणि चहा चालला होता. वासूचा चेहरा उतरलेला. देवाचं गाऱ्हाणं बाजारात नेलंस म्हणून आबा आता घराबाहेर काढणार, असं त्याला वाटत होतं. आबा देवळातून आले, खांद्यावरचा पंचा दांडीवर टाकला आणि विचारलं, "काल गाऱ्हाणां घातलंस?"

"होय आबा."

"कोणासाठी? काय मागलंस?"

वासू गोंधळला. म्हणाला, "तसा काय नाय... नुसतां आवाजासाठी."

आबा म्हणाले, "मगे लोकांनी होय कित्याक म्हटल्यानी?"

आबांना माइकचं वावडं नव्हतं, ड्रमचंही नव्हतं. एवढ्या माणसांनी चपला काढून, हात जोडून, ज्यात काही मागितलंच नाही अशा बोलण्याला 'होय' म्हटलं, हे त्यांना खुपलं होतं. "रिकामां गाऱ्हाणां घालूचां नसता," ते म्हणाले. "घालूचां असात तर लोकांका आदी विचार. आणि एक ध्यानात धर. जो घालता तेना आपणासाठी मागूचां नाय. आपल्या घरासाठीय नाय." एवढं बोलून ते आत गेले आणि पेज मागितली.

माझ्या मते आमच्या हिप हॉपचा जन्म सभागृहात झाला नाही, तो त्या सकाळी आबांच्या ओसरीवर झाला. ज्या गाण्यात पहिला शब्द 'मी' असतो, त्यातून आबांनी मीच काढून टाकला. मग उरलं काय? उरली समोरची माणसं. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाआधी वासू मंचाच्या पायरीवर जाऊन बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "काय घालूया?" सुरुवातीला लोक लाजत. मग सांगू लागले. संध्याकाळची बस पार्सेपर्यंत येत नाही, अर्ध्या वाटेवरून परत फिरते. डिचोलीला खनिजाच्या ट्रकांच्या धुळीनं दोरीवरचे कपडे लाल होतात. काजूला मोहोर आला आणि ढग आले. एका म्हातारीचा गुडघा. तुयेतल्या एका मुलीला कारखाना सोडून नर्सिंगला जायचं होतं आणि घरचे ऐकत नव्हते. हे सगळं वासू डोक्यात ठेवी, कागदावर काही नाही, आणि माइक हातात आला की एकेकाला ठेक्यात ओवत जाई. लग्न जमत नाही म्हणून सांगणारा एक तरी गडी प्रत्येक गावात भेटायचाच, आणि त्याच्यासाठी येणारा 'होय' सगळ्यांत मोठा असायचा. त्या नर्सिंगवालीचा बाप त्या दिवशी श्रोत्यांत होता. चारचौघांत सगळ्यांबरोबर त्यानंही 'होय' म्हटलं, आणि मग बिचाऱ्याला माघार घेता आली नाही.

मुरगावच्या बंदरात काम करणाऱ्या लोकांपुढे, कॉलेजांत, जात्रांत, सगळीकडे आम्ही हिंडलो. खाणी बंद पडल्या त्या काळात डिचोलीत एकदा ट्रकवाल्यांसमोर कार्यक्रम होता. पायरीवर कुणी काही सांगायला येईना. वासूनंही जबरदस्ती केली नाही. मंचावर जाऊन तो एवढंच म्हणाला की ज्याचं मागणं तोंडातून निघत नाही त्याचंही देवा तू ऐक, आणि माइक खाली केला. ड्रमचा ठेका तसाच चालू ठेवला. मग एकेक ट्रकवाला जागेवरूनच बोलू लागला. त्या दिवशी इतका वेळ सूर धरावा लागला की मला भात्याचा हात दोनदा बदलावा लागला. पणजीत एकदा एका पत्रकारानं विचारलं, हे मराठी म्हणायचं की कोंकणी? वासू म्हणाला, "ज्याच्याकडे मागतंव तेका दोनूय कळतत." मला हे उत्तर फार आवडलं. शाळेत असताना सुचलं असतं तर आमचे बरेच मित्र एकमेकांशी बोलायचे थांबले नसते.

वासूची मुलगी रसिका मोठी झाली आणि तिनं ठेक्यांचं खातं हातात घेतलं. काजूच्या बिया साठवायची त्यांच्या घरामागची खोली आमची तालमीची खोली झाली होती. तिथं ती संगणक मांडून बसे. घुमट या मातीच्या वाद्याचा आवाज, काजू भाजतानाचा तडतडाट, कशाचाही ठेका करायची. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खवतानाची खरखर तिला हवी होती, म्हणून तिनं आईला इतके नारळ खवायला लावले की त्या घरात आठवडाभर सोलकढीशिवाय काही शिजलं नाही. सुषमावहिनी कुरकुर करत खवत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "ठेको चुकता तुजो. मी खवतंय तो ऐक." आणि रसिकानं ऐकलं, तर खरंच त्यांचा बरोबर होता. आबांनी जाण्याआधी नातीचं ते काम ऐकलं होतं. नंतर देवळातला मान वासूकडे आला. सकाळी देवळात, संध्याकाळी मंचावर, दोन्हीकडे तो दुसऱ्यांसाठी मागत राहिला.

मग त्याचा श्वास कमी पडायला लागला. गाऱ्हाण्याचं लांब वाक्य अर्ध्यात तुटे आणि तो हसून ते लोकांवर सोपवून देई. फुप्फुसांचं दुखणं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि वासूनं ते त्याच शांतपणे आम्हाला सांगितलं. मला मात्र शांत राहवेना. आयुष्यभर अख्ख्या तालुक्यासाठी मागणाऱ्या माणसासाठी मागणार कोण? तो स्वतःसाठी घालणार नाही, घरच्यांनी घालायचं नाही. उरलो मी. मी, ज्यानं मंचावर कधी तोंड उघडलं नाही.

एका दुपारी मी तालमीच्या खोलीत त्याच्या खाटेजवळ बसलो आणि त्याचा प्रश्न त्यालाच विचारला. "वासू, काय घालूया?"

तो हसला. "श्वास मागू नको, मास्तर. डॉक्टरान सांगलां ता सांगलां. रिकामां जातला."

"मग?"

त्यानं उशी पाठीशी सरकवली. "माका एकदा समोर बसान आयकूचां आसा. इतकी वर्सां नुसती लोकांची तोंडां बघलंय. आमी दिसतंव कशे, कोणाक खबर."

सुषमावहिनी आणि रसिका दारात उभ्या होत्या. मी चपला काढल्या, उभा राहिलो आणि गाऱ्हाणं घातलं. काय सांगू... जन्मभराची भजनाची सवय. ठेका सुटला, वाक्य विलंबितात गेलं, एका शब्दावर तर मी चक्क आलाप घेतला. वासू इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "मास्तर, देवाक नीज येतली." मग डोळे पुसत त्यानंच सगळ्यांत आधी 'होय म्हाराजा' म्हटलं.

ते गाऱ्हाणं पुरं झालं. पार्सेच्या शाळेच्या मैदानावर, ऊन उतरल्यावर आम्ही कार्यक्रम केला. पायरीवर रसिका बसली आणि तिनं लोकांना विचारलं. वासू पहिल्या रांगेत खुर्चीवर, शाल पांघरून. रसिकानं आवाज टाकला तसा सगळं मैदान उभं राहिलं, आणि वहिनींच्या खांद्याला धरून तोही उठला. चपला काढायला विसरला नाही. मी मंचावरून त्याच्याकडे बघत होतो. जात्रेतल्या बाजारात पोरं बघतात तसं तो सगळं बघत होता. रसिकाकडे, ड्रमकडे, माझ्याकडे. त्याचा 'होय' मला एवढ्या आवाजांत वेगळा ऐकू येत होता. मी तेव्हा सुखात होतो, हे स्वच्छ सांगतो. कार्यक्रम संपल्यावर खाली उतरून मी विचारलं, कसं वाटलं? तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तुजी पेटी फार मोठ्यान वाजता रे. फुडे रवान ह्या कळूकच नाय इतकी वर्सां." त्याचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं धड बोलणं. याहून चांगलं मला काही नको होतं.

वासू गेल्यावर गेल्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा तालमीला बसलो. खोलीतली खाट हलवली आहे, बाकी सगळं तसंच आहे. रसिकानं संगणक लावला आणि मी पेटी उघडली. सुषमावहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवून नेहमीप्रमाणे आत जाण्याऐवजी त्या दाराच्या पायरीवर बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, मंचाच्या पायरीवर सगळ्यांनी आपापलं मागणं सांगितलं, फक्त या बाईला ते सांगता येत नव्हतं. घालणाऱ्याच्या घरची ना ती. आता रसिका घालणार, तरी वहिनी घरच्याच.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी भायले. तुमी घाला."

मी भाता मिटला. चपला बाहेरच होत्या. "काय घालूया, वहिनी?"

"बरीच वर्सां साठलां हा. एका गाऱ्हाण्यात बसाचां नाय." त्यांनी हाताला लागलेलं पाणी पदराला पुसलं. "म्हणान पयलां ह्या एकच घाला. माइक एकदा माज्या हातात येवंदे. ह्यांच्यापरास बरां बोलतंय मी."

मी घसा साफ करून उभा राहिलो. पण मी "बा देवा" म्हणेपर्यंत वहिनींनी उठून खुंटीवरचा माइक काढून घेतला होता, आणि रसिकानं ठेका सुरू केला होता.